टोचल्याचा शिक्का

२ फेब्रुवारी

बबी, पोरी,

हे पत्र तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवतो आहे, कारण तुझ्या घरचा पत्ता ज्या वहीत होता ती वही सापडेना. ऑफिसात टपाल कोणी फोडत असेल तर त्याला सांगून ठेव की हे घरगुती आहे. फोन केला असता, पण आमच्या घरात मी खोलीत खोकलो तरी स्वयंपाकघरातून सून विचारते, बाबा, पाणी हवं का. आणि ही गोष्ट तिच्यासमोर बोलण्यासारखी नाही.

तुझ्या ऑफिसात म्हणे मुलांना ज्या लसी टोचतात त्यांचे बरे-वाईट परिणाम मोजतात. तुझे वडील असताना मोठ्या कौतुकानं सांगायचे, माझी बबी लाखो पोरांचा हिशेब ठेवते. मी चौथी शिकलेला, रबरी शिक्के बनवणारा. जन्मभर उलटी अक्षरं जुळवली, त्यामुळे सुलट वाचताना अजून अडखळतो. तेव्हा मला समजेल असं लिही.

माझा नातू मुनी आता सहा वर्षांचा झाला. अजून एक वाक्य बोलत नाही. पंखा सुरू केला की तासन् तास पंख्याकडे बघतो, आपल्याकडे नाही. डॉक्टरांनी सांगितलं, मूल स्वमग्न आहे. यातलं तुला सगळं ठाऊक आहे. ठाऊक नाही ते सांगतो. तो सव्वा वर्षाचा असताना गोवराची लस टोचायला त्याला मीच नेलं होतं. मुलगा बाटल्या भरण्याच्या कारखान्यात पाळीला, सून शाळेत शिकवायला. नर्सबाई म्हणाल्या, आजोबा, पाय घट्ट धरा. मी धरला. त्यानंतर आठ-दहा दिवसांत पोर आतल्या आत गेलं ते परत आलंच नाही. पाच वर्षं मी कोणाला बोललो नाही, पण जेवताना हात धुतो तेव्हा त्या हातांकडे बघवत नाही.

गेल्या महिन्यात दुकानात एक गृहस्थ गोल शिक्का करून घ्यायला आले. पालकांचं काही मंडळ आहे त्यांचं. जाताना पत्रक ठेवून गेले. त्यात सहा आयांच्या हकिकती आहेत. टोचलं आणि मूल गप्प झालं. कोणी तरी आमच्या घरात बसून लिहिल्यासारखं वाटलं.

आता मुनीची बहीण बिट्टी सव्वा वर्षाची होते आहे. नवव्या महिन्यात टोचायची गोवराची लस तेव्हा तिला ताप होता म्हणून राहिली. सून म्हणाली, ६ मार्चला आरोग्य केंद्रात न्यायचं आहे, बाबा, तुम्हीच न्या, माझी रजा मुनीच्या दवाखान्यात संपली. मी हो म्हटलं. तेव्हापासून झोप नाही.

जा किंवा नको, एवढंच लिही. लवकर लिही. हे पत्र पोचलं की नाही तेही कळव.

तुझा काका

---

११ फेब्रुवारी

काका, नमस्कार.

पत्र पोचलं. कोणी फोडलं नाही. इथं टपाल फोडायलासुद्धा माणूस नाही, तेही मीच करते.

आधी उत्तर देते. जा. बिट्टीला न्या.

आता कारण. माझं काम म्हणजे दोन तारखा शेजारी ठेवणं. एक तारीख लस टोचल्याची. दुसरी, मूल वेगळं आहे असं घरच्यांना पहिल्यांदा वाटलं त्या दिवसाची. मी आई-बापांना फोन करते. बहुतेक जण तुमच्यासारखंच सांगतात की टोचलं आणि आठ दिवसांत बदललं. ते खोटं बोलत नसतात. पण काका, टोचल्याची तारीख कार्डावर छापल्यासारखी असते आणि दुसरी कुठंच लिहिलेली नसते. मग माणूस न लिहिलेली तारीख लिहिलेल्या तारखेला नेऊन बांधतो. एका बापानं मला शपथेवर सांगितलं होतं. मी म्हटलं, घरात जुनी चित्रफीत असेल तर बघा. महिन्याभरानं त्याचाच फोन आला. पोराच्या पहिल्या वाढदिवसाला सगळे टाळ्या वाजवत होते आणि पोर एकटं टेबलाचा पाय बघत होतं. लस त्यानंतर दोन महिन्यांनी टोचलेली.

तुमच्यासारख्या लोकांनी विचारलं म्हणूनच मोजलं गेलं. बाहेर कितीतरी ठिकाणी मोजलं, आम्हीही परत मोजलं. टोचलेली मुलं एका बाजूला, न टोचलेली दुसऱ्या बाजूला. स्वमग्न मुलांचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच निघतं.

त्या पत्रकाच्या मागच्या पानावर बघा. बहुतेक असं मूल बरं करणाऱ्या एखाद्या औषधाच्या पुडीची जाहिरात असेल.

गोवर म्हणजे काय हे तुम्ही विसरला आहात, कारण तो हल्ली दिसत नाही. मी त्याचा वॉर्ड बघितला आहे. न्या तिला. पाय घट्ट धरा आणि घरी आणून झोपवा.

बबी

---

२० फेब्रुवारी

बबी,

पत्रकाच्या मागे पुडीची जाहिरात आहे. तुला न बघता कसं कळलं, म्हणजे तुमचं आणि त्यांचं आधीपासून काही तरी वैर दिसतं.

तुझं पत्र चारदा वाचलं. तू लाखांचं बोलतेस. लाखांत माझं काय आहे. माझी दोन आहेत, त्यातलं एक गेलं. तुमच्या मोजणीत एक इकडचा तिकडे झाला तर कोणाला कळणार नाही. आमच्या घरात कळतं. एक शिक्का शंभर वेळा चांगला उठतो आणि एकदा शाई पसरते. गिऱ्हाईक ते एकच पान घेऊन दारात येतं.

परवा मी सुनेपाशी विषय काढला. पत्रक दाखवलं. ती वह्या तपासत होती. तिनं पत्रक वाचलं, घडी घातली, माझ्या हातात परत दिलं आणि म्हणाली, बाबा, मुनी गप्प झाला नाही, मुनी गप्पच होता. मग म्हणाली, तुम्हाला जमत नसेल तर सांगा, मी बिनपगारी रजा काढते, पण तिला टोचायचं आहे. मुलगा तिकडून ओरडला, म्हातारा आता डॉक्टर झाला का. मी म्हटलं, जमतं मला. न जमायला काय झालं. जो माणूस आता मुलाच्या जिवावर खातो त्याला एवढं एक काम दिलंय, तेही काढून घ्यायचं का.

सून काहीही म्हणो, ती दिवसभर शाळेत असायची. मुनी माझ्यापाशी होता. मला विचारावं.

एक काम कर. तुझ्या साहेबांकडून मला एका कागदावर लिहून आण की बिट्टीला टोचल्यावर ती मुनीसारखी होणार नाही. खाली सही आणि ऑफिसचा शिक्का. मग मी बिनघोर नेतो.

काका

---

२८ फेब्रुवारी

काका,

असा कागद जगात कोणी देत नाही. देईल तो लबाड समजा.

खरं तेवढं लिहिते. लसीनं ताप येऊ शकतो. अंगावर बारीक पुरळ येऊ शकतं. फार क्वचित याहून जास्त काही होतं, म्हणून टोचल्यावर अर्धा तास केंद्रात बसवून ठेवतात. तुम्हीही बसा. आणि एक लपवत नाही. ज्या घरात एक मूल स्वमग्न असतं तिथं दुसरंही तसं असण्याची शक्यता इतर घरांपेक्षा थोडी जास्त असते. टोचलं तरी असते, न टोचलं तरी असते. त्याचा लसीशी संबंध नाही.

तुम्ही पाय धरलात म्हणून मुनी तसा झाला नाही. हे मी तुमचं मन राखायला लिहीत नाही. पण तुमचं मनही मला राखायचं आहे, म्हणून यापुढचं काही लिहीत नाही.

सहा तारखेनंतर दोन ओळी टाका.

बबी

---

९ मार्च

बबी,

काम झालं. ६ तारखेला सकाळी बिट्टीला घेऊन गेलो. रांगेत अकरा बायका होत्या आणि मी एकटा पुरुष. बिट्टी एकदाच रडली, लगेच थांबली. अर्धा तास बसलो. घरी येऊन ती तीन तास झोपली. कार्डावर शिक्का, तारीख, नंबर, सही सगळं आहे, सुनेनं रात्री पाहिलं आणि मला म्हणाली, बाबा, थँक्यू. लग्न होऊन आल्यापासून हे दुसऱ्यांदा म्हणाली असेल.

तू म्हणाली होतीस, दुसरंही तसं होण्याची शक्यता जास्त. ते वाचून बरं झालं. निर्णय घ्यायला सोपं गेलं.

आता या विषयावर लिहू नकोस. थंडी-वाऱ्याची काळजी घे.

काका

---

१८ जून

बबी,

तुला तुझ्या आईकडून कळलंच असेल. तरी लिहितो.

मेच्या शेवटी बिट्टीला ताप आला. डोळे लाल, नाक वाहतंय. मग कानामागून लाल पुरळ सुरू झालं ते पायापर्यंत उतरलं. डॉक्टरांनी कार्ड पाहिलं आणि म्हणाले, गोवर टोचलेला आहे, म्हणजे हा दुसराच काही ताप असणार. दोन दिवस तसंच औषध चाललं. तिसऱ्या दिवशी तिला आकडी आली. मोठ्या रुग्णालयात नेलं, तिथं सांगितलं की गोवरच आहे आणि मेंदूला सूज आली आहे. अकरा दिवस आम्ही तिथं होतो. तिच्या खाटेला काचेची भिंत होती. एका वेळी एकालाच आत सोडत. सून आत, मुलगा जिन्यात, मी बाकावर.

जगली. घरी आणली. पण तिला ऐकू येत नाही. परवा ती खिडकीकडे तोंड करून बसली होती, माझ्या हातून पातेलं पडलं. शेजारीण दार उघडून बघायला आली. बिट्टी वळली नाही. कानाच्या डॉक्टरांनी यंत्र लावून पाहिलं. दोन्ही कान गेले म्हणाले.

रुग्णालयात सुनेनं मला विचारलं, बाबा, नक्की टोचली होती ना. मी हो म्हटलं. तिथले मोठे डॉक्टर म्हणाले, लस घेऊनही एखाद्याला होतो, तुमचं नशीब. मुलानं त्या नर्सबाईला आणि केंद्राला अशा शिव्या दिल्या की बाकावरची माणसं उठून लांब बसली. सून शाळेतल्या बायकांना सांगते, आमची तर टोचलेली होती.

मी काय लिहू. मुनीला काही झालं नाही. तो तिच्याच खोलीत होता.

काका

---

३ जुलै

काका,

बिट्टीचं कळल्यापासून मी तुम्हाला चार पत्रं लिहून फाडली. हे पाचवं.

लस घेऊनही मूल आजारी पडलं की रुग्णालय त्याची माहिती आमच्याकडे पाठवतं. असं का झालं ते शोधणं आमचंच काम. मागच्या मंगळवारी माझ्या टेबलावर असा एक कागद आला. सोबत कार्डाची प्रत होती. नाव बिट्टीचं.

कार्डावर गोवराच्या रांगेत जो नंबर लिहिला आहे तो लसीच्या कुपीचा असतो. एका वेळी बनवलेल्या सगळ्या कुप्यांना एकच नंबर मिळतो. त्या संपल्या की पुढच्यांना दुसरा. बिट्टीच्या कार्डावर जो नंबर आहे त्या कुप्या पाच वर्षांपूर्वी संपल्या. मी नोंद तीनदा पाहिली.

ऑफिसनं त्यातून एकच अर्थ काढला की केंद्रात पाच वर्षांपूर्वीची, मुदत संपलेली लस पडून होती आणि नर्सबाईंनी ती टोचली. त्यांना कामावरून बाजूला केलं आहे. चौकशी लागली आहे. त्या एकोणीस वर्षं तिथं आहेत. मी त्यांच्याशी फोनवर बोलले. त्या रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, त्या दिवशी आजोबा आले होते असं मला आठवत नाही, पण मला आठवत नाही याला कोण विचारतो. केंद्रात जुनी लस टोचतात असं तुमच्या गल्लीत पसरलं आहे. गेल्या आठवड्यात चौदा मुलं यायची होती, तीन आली.

काका, मुनीचं कार्ड काढा. त्याच्यावर गोवराच्या रांगेत कोणता नंबर आहे ते मला कळवा. किंवा नका कळवू. मुनीची नोंदही आमच्याकडे आहे.

बबी

---

१० जुलै

बबी,

तो नंबर केंद्राचा असतो असं मला वाटलं. शिक्क्यावर जसा संस्थेचा नोंदणी क्रमांक असतो, तो कधी बदलत नाही, तसा. गोवराच्या रांगेत गोवराचा नंबर, म्हणून मुनीच्या कार्डावर बघून लिहिला. जन्मभर मी समोरचं बघून हुबेहूब केलं. कधी एका अक्षराची चूक झाली नाही. तुझ्याकडे आली ती पहिली.

त्या दिवशी मी निघालो होतो, ते खोटं नाही. केंद्राच्या दारापर्यंत गेलो. रांगेत अकरा बायका होत्या, तेही खरं. आतून एक मूल किंचाळलं आणि बिट्टीनं माझी कॉलर मुठीत धरली. मी वळलो. दुकान उघडलं. तिला खोक्यात बसवून हातात शिक्क्याची एक लाकडी मूठ दिली. ती मूठ चघळत होती आणि मी शिशाच्या अक्षरांचे खिळे उलटे जुळवत होतो. साचा काढला, रबर तापवून दाबलं, कापलं, मुठीला चिकटवलं. केंद्राचा शिक्का मूळ माझ्याच हातचा आहे. नमुन्यांच्या वहीत त्याचा ठसा आहे. वापरून वापरून त्याचा डाव्या बाजूचा टवका उडालाय, बिट्टीच्या आधीच्या नोंदींवर दिसतो. मी नव्या शिक्क्यालाही तसाच टवका पाडला. सही माशाच्या काट्यासारखी आहे, ती सोपी गेली.

मग वाटलं, सून रात्री मांडी बघेल. मी सुई जाळावर धरली, गार केली, आणि टोचली. ती एकदाच रडली. वर चिकटपट्टी लावली. तिच्याकडे बघून हसलो तर तीही हसली.

हे सगळं मी तिला वाचवायला केलं. तू स्वतः लिहिलं होतंस की दुसरंही तसं होऊ शकतं. मग मी कसा नेणार होतो.

पोरी, मी तुझ्या पाया पडतो. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. माझी किती वर्षं राहिली. सुनेला कळलं तर ती मला घरात ठेवणार नाही आणि मुलगा हात उगारेल. नर्सबाई अजून कामाच्या वयाच्या आहेत, त्यांना कुठंही काम मिळेल. चौकशीत काय तो नंबर चुकून लिहिला असं म्हण. तुझ्या हातात आहे. तू लाखांचा हिशेब ठेवतेस, त्यात एक इकडचा तिकडे कर.

हे पत्र वाचून जाळ.

काका

---

१५ जुलै

काका,

जाळलं नाही. तुमचं पत्र मी साहेबांच्या टेबलावर ठेवलं आणि तिथंच उभी राहिले. त्यांनी ते दोनदा वाचलं. नर्सबाईंवरची चौकशी थांबली आहे. तुमच्यावर काय करायचं ते ऑफिस ठरवेल, त्यात मी पडणार नाही. एक इकडचा तिकडे मी आजवर केला नाही.

सोबत एक जुनं पत्र परत पाठवते आहे. तुमचंच, तुमच्या अक्षरातलं, माझ्या वडिलांना लिहिलेलं. तारीख ७ जानेवारी, पाच वर्षांपूर्वीची. मुनीला लस टोचली १२ मार्चला. म्हणजे हे त्याआधी दोन महिने लिहिलेलं आहे. डोळ्यांना त्रास होतो म्हणून त्यातल्या काही ओळी मोठ्या अक्षरात उतरवून देते.

‘नातू तेरा महिन्यांचा झाला. इतका शांत की मागं जाऊन डबा वाजवला तरी वळत नाही. नाव घेऊन हाक मारली तर बघत नाही, बघतो ते पंख्याकडे. दुकानात आणला की लाकडी मुठी एका ओळीत लावतो आणि मी एक सरकवली की तासभर रडतो. सून म्हणते, डॉक्टरांना दाखवू या. मी म्हटलं, आपल्या घरात सगळे उशिराच बोलतात. पोर ध्यान लावून बसतं, म्हणून मी त्याचं नाव मुनी ठेवलं. सगळे आता तेच म्हणतात.’

वाचलंत? लस टोचायच्या आधी तुम्ही त्याचं नाव मुनी ठेवलं होतं. तुमच्या हातांनी काही झालं नव्हतं. त्या वेळी फक्त तुमच्या तोंडानं झालं. त्याची आई डॉक्टरांकडे न्यायचं म्हणत होती आणि तुम्ही थांबवलंत.

हे पत्र मला फेब्रुवारीतच सापडलं होतं. वडिलांची ट्रंक उघडली तेव्हा. तुम्हाला पाठवणार होते. मग वाटलं, म्हाताऱ्या माणसाला कशाला दुखवा, नुसतं समजावून सांगू. तुमची दया आली. तेव्हा ते पाकिटात घालायला माझा जीव झाला नाही. आता होतो. माझ्या त्या दयेचं काय करायचं ते माझं मी बघेन, तुम्हाला त्यात वाटा मिळणार नाही.

बिट्टीच्या आईला तुम्ही सांगायचं. येत्या मंगळवारपर्यंत. बुधवारी मी तिला फोन करेन. तेव्हा तिला आधीच माहीत असलेलं बरं.

बबी

---

२३ जुलै

काल तुम्ही जे सांगितलंत ते मी ऐकलं. बोलणार नाही म्हणून लिहिते आहे. यापुढे तुमच्याशी जे काही असेल ते असंच, कागदावर.

तुमच्या मुलाला मी रात्री सांगितलं. तो तुमची पेटी बाहेर काढायला उठला होता. मी त्याला बसवलं. तुम्ही कुठंही जायचं नाही. दुसरीकडे जाऊन चार म्हाताऱ्यांत बसाल आणि महिन्याभरात स्वतःला बरं वाटेल अशी एक हकिकत रचाल. तुम्हाला रचता येतं. तुम्ही इथं राहायचं. सकाळी बिट्टीला तुम्हीच भरवायचं. तिला हाक मारू नका, उपयोग नाही. समोर जाऊन हात हलवा. मला शिकवलं आहे, मी तुम्हाला दाखवीन.

रुग्णालयात मी तुम्हाला दोनदा विचारलं होतं. तुम्ही म्हणता एकदा. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिला आकडी येत होती आणि डॉक्टर कार्ड हातात धरून माझ्याकडे बघत होते. मी तुमच्या बाकापर्यंत धावत आले होते. तुम्ही म्हणालात, अगं नक्की, मी स्वतः पाय धरला होता. मी परत जाऊन त्यांना तसं सांगितलं. आधी खरं कळलं असतं तर कान वाचले असते का, हे मी आज डॉक्टरांना विचारलं. कोणी सांगू शकत नाही. ते न कळणं आता माझ्याकडे राहणार.

नर्सबाई परत कामावर आल्या. आज मी भेटायला गेले. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली. माझ्या सांगण्यावरून ज्या आयांनी केंद्रात जाणं सोडलं त्यांच्याकडे मी आजपासून शाळा सुटल्यावर जायला लागले. काही जणींनी दार उघडलं नाही.

तुम्ही एक पत्र लिहायचं आहे, बिट्टीसाठी. ती ऐकू शकणार नाही, पण वाचेल. मी तिला वाचायला शिकवीन. त्यात काय झालं ते लिहा. मोठं नको.

---

२७ जुलै

कच्चा कागद परत करते आहे. जे खोडलं आहे ते पुन्हा लिहू नका.

‘लाडक्या नातीस’ खोडलं आहे. ‘काळजीपोटी’ तीन ठिकाणी होतं, तिन्ही खोडलं. ‘होणारं टळत नाही’ खोडलं. शिक्का कोणी वरून पाठवला नव्हता. ‘तुझ्या आईनं स्वतः न्यायला हवं होतं’ हे शेवटच्या ओळीत बारीक अक्षरात लिहिलं आहे. तेही मी वाचलं आणि खोडलं.

मुनीचं सगळं काढून टाका. त्याला यात उभं करू नका. तो काल तिच्या गालावर हात ठेवून बसला होता. घरात तो एकटाच आहे ज्याला ती ऐकत नाही याचं काही वाटत नाही.

सुईचं तुम्ही लिहिलेलंच नाही. मला तुम्ही सांगितलंत, बबीला लिहिलंत, आणि जिला टोचली तिच्या पत्रातून गाळलंत. ते लिहा.

‘क्षमा कर’ असं शेवटी लिहिलं आहे. ती मागायची की नाही हे तुमच्या हातात नाही. ती वाचेल आणि ठरवेल. तोवर कोरं सोडा.

---

३१ जुलै

बिट्टी,

तू सव्वा वर्षाची असताना तुझ्या आईनं मला तुला गोवराची लस टोचून आणायला सांगितलं होतं. मी हो म्हणालो. केंद्राच्या दारातून मी तुला परत नेलं. माझ्या दुकानात केंद्राचा खोटा शिक्का बनवला आणि तुझ्या कार्डावर मारला. नर्सबाईंची खोटी सही केली. आईला खूण दिसावी म्हणून तुझ्या मांडीला सुई टोचली. तू रडलीस. आईला सांगितलं, टोचून आणली.

अडीच महिन्यांनी तुला गोवर झाला. डॉक्टरांना कार्ड बघून तो गोवर वाटला नाही. आईनं मला दोनदा विचारलं. मी दोन्ही वेळा खोटं बोललो. तुझे दोन्ही कान गेले. नर्सबाईंवर आळ आला तेव्हाही मी गप्प राहिलो. पकडला गेलो म्हणून सांगितलं.

टोचलं असतं तर तुला बहुतेक ऐकू आलं असतं.

आजोबा

---

१ ऑगस्ट

हे चालेल. कपाटात ठेवलं आहे, किल्ली माझ्याकडे.

हे सगळं नीट कळेल इतकं वाचायला तिला निदान आठ वर्षं लागतील. ती वाचेल तेव्हा तुम्ही तिच्यासमोर बसलेले असायला हवे. दोन दिवस तुम्ही जेवला नाहीत आणि रक्तदाबाची गोळी उशीखाली ठेवलीत, ते मी पाहिलं. तसं करायचं नाही. आजपासून गोळी मी स्वतः आणून देईन आणि गिळेपर्यंत उभी राहीन.

जेवण झाकून ठेवलं आहे. संपवा.